खतावणीबाहेरचे देणे

पारगाव-मंचरच्या पेठेतील दुकानदार उधारीची नोंद चोख ठेवतो. मुलाचे व्यसन मात्र घरात कोणाच्या ओठांवर येऊ देत नाही. पत जाईल, सोयरीक मोडेल, ही धास्ती. गल्ल्यातून गेलेली रक्कम आई गुपचूप भरून काढते आणि दोष सुनेच्या माथी येतो.

डॉ. अनिता अवचट यांनी याच गाठीला हात घातला. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकून त्या येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ झाल्या. पती अनिल अवचट यांची ‘गर्द’वरील लेखमाला वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी देऊ केली. १९८६ मध्ये त्याच रुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ उभे राहिले.

व्यसन हा आजार आहे, चारित्र्यावरील डाग नव्हे, हे त्यांच्या उपचाराचे मूळ. शरीराची तलफ औषधाने काही दिवसांत ओसरते. मनाचे काम त्यानंतर सुरू होते. त्यासाठी समुपदेशन आणि गटातील मोकळे बोलणे. व्यसनातून बाहेर पडलेलेच पुढे तेथे कार्यकर्ते झाले. त्यांच्यापुढे थापा टिकत नाहीत. पत्नींसाठी ‘सहचरी’ हा निराळा गट निघाला. ही गोष्ट व्यापारी घरांना अधिक लागू पडावी, कारण व्यसनी माणसाची देणी गुपचूप फेडत राहणे म्हणजे त्याच्या व्यसनाला भांडवल पुरवणेच होय.

१९९७ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. संस्थेची धुरा पुढे मानसशास्त्र शिकलेल्या त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी उचलली.