‘आज गाडी हाय का?’

मेढ्याच्या स्थानकात चौकशीच्या खिडकीशी थोडा वेळ उभं राहिलं, की एकच प्रश्न वेगवेगळ्या गावांची नावं घेऊन येत राहतो: ‘आज गाडी हाय का?’ गाडी कुठवर आलीय, हे विचारणारा त्यानंतर येतो. जावळी तालुक्याचं हे मुख्य ठिकाण. साताऱ्याची गाडी इथे मिळून जाते. पण केळघरच्या वरच्या अंगाला किंवा कोयनेच्या जलाशयाकडच्या वाड्यावस्त्यांना फेऱ्या बोटांवर मोजण्याइतक्या. तिथे गाडी दहा मिनिटं उशिरा आली तर कोणी कुरकुरत नाही. ती आलीच नाही तर मात्र शाळेचा दिवस बुडतो, तहसील कचेरीतली तारीख चुकते, आणि म्हातारं माणूस फाट्यावर बसून राहतं. मग वडापवाला म्हणेल तो दर.

‘गाडीचं थेट ठिकाण प्रवाशाच्या मोबाईलवर’ या विषयावर आपल्या क्षेत्रात सध्या जी चर्चा चालते, तिच्यात हा प्रश्न जवळपास येतच नाही. कारण ही कल्पना वाढली शहरात. सिएटलमध्ये ‘वनबसअवे’ ही सेवा वापरणाऱ्या प्रवाशांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून दिसलं, की गाडीची वेळ आधी कळणारा प्रवासी थांब्यावर जवळपास दोन मिनिटं कमी थांबतो, आणि वाट पाहणं त्याला आहे त्यापेक्षा लांब वाटत नाही. पुण्या-मुंबईत हे तंतोतंत लागू पडेल. केळघरात दोन मिनिटांची किंमत काय?

आपल्याकडे यंत्रांचा तुटवडा आहे, असंही नाही. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना ठिकाण सांगणारं यंत्र आणि आपत्कालीन बटण सक्तीचं झालं. एआयएस-१४० हे त्याचं मानक आपल्या वाचकांना तोंडपाठ आहे. एसटीतही २०१९ पासून गाड्यांवर ही यंत्रं बसू लागली, आणि आता ‘आपली एसटी’ हे ॲप आहे. यंत्र आपल्यापरीने इमानदार असतं. अमुक नंबरची गाडी अमुक ठिकाणी आहे, एवढं ते सांगतं. ती गाडी कोणत्या फेरीवर आहे, हे त्याला ठाऊक नसतं. ते माणसाने सांगावं लागतं, आणि घोळ नेमका तिथे होतो.

आगारातली सकाळ आपल्याला परकी नाही. सहाच्या फेरीला लावलेली गाडी स्टार्ट होत नाही. कार्यशाळेतून दुसरी निघते, काचेमागची पाटी बदलते, चालक-वाहक तेच, आणि फेरी सुटते. कंट्रोलरने कागदावर गाडीचा नंबर खोडून नवा लिहिलेला असतो. संगणकात जुनाच राहतो. आता ॲपमध्ये पाहणाऱ्याला सहाची गाडी आगारातच उभी दिसते, आणि रस्त्याने खरोखर धावणारी गाडी कोणत्याच गावाच्या नावावर नसते. कंट्रोलरला दोष देणं सोपं आहे. पण त्याच वेळी त्याच्या खिडकीवर पाच माणसं असतात, ध्वनिक्षेपकावर घोषणा करायची असते, वाहक सही घ्यायला उभा असतो आणि फोन वाजत असतो. नंबर बदलण्याची नोंद संगणकात सात टिचक्यांनी होत असेल तर ती होणार नाही, हे यंत्रणा बनवणाऱ्याने धरूनच चालायला हवं. तिकिटाच्या मशीनवर वाहक फेरी सुरू करतो, तेव्हाच गाडीचा नंबर तपासून घेतला आणि तीच नोंद पुढे गेली, तर खिडकीवरचं एक काम कमी होईल.

दुसरी गोष्ट घाटाची. रेंज गेली की यंत्र नोंदी साठवून ठेवतं आणि रेंज आल्यावर एकदम पाठवतं. मानकात तशी तरतूद आहे आणि ती योग्यच आहे. प्रवाशाला दाखवताना मात्र बहुतेक ॲप दोनपैकी एक चूक करतात: ठिपका जागच्या जागी गोठवून ठेवतात, किंवा अंदाजाने पुढे सरकवतात. पावसाळ्यात केळघर घाटात धुकं असतं, कधी दरड येते. तिथे अंदाजाने सरकणारा ठिपका म्हणजे चक्क थाप. ‘शेवटची नोंद ९.१२, केळघर’ एवढी एक ओळ लिहावी. गावातला माणूस घाट ओळखतो. पुढचा हिशोब तो आपल्यापेक्षा बरा करेल.

आणि तिसरी, आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाची: रद्द फेरी. वेळापत्रकाचा आणि थेट माहितीचा जो ढाचा आज जगभर वापरतात, तो पोर्टलँडची वाहतूक संस्था आणि गूगल यांच्या खटपटीतून २००५ च्या सुमाराला उभा राहिला. थेट माहितीचा भाग २०११ मध्ये जोडला गेला. त्यात ‘ही फेरी रद्द’ असं कळवण्याची सोय आहे. आपल्याकडे ती सोय रकाना भरायला कोणी नसल्यासारखी पडून असते. याचं कारण तांत्रिक नाही. रद्द फेरी म्हणजे आगाराच्या नावावरचा डाग. तिचा जाब विचारला जातो, म्हणून ती संध्याकाळी, हिशोबाच्या वेळी, नाइलाजाने नोंदवली जाते. प्रवाशाला ती सकाळी हवी असते. गाडी नाही, कंडक्टर कमी आहे, यात्रेच्या जादा वाहतुकीला गाड्या गेल्यात, ही कारणं आगाराला बऱ्याचदा आदल्या रात्रीच माहीत असतात. रद्द फेऱ्या किती, याबरोबरच त्यांतल्या किती आधी कळवल्या, हेही वरिष्ठ विचारू लागले, तर ती नोंद लपवण्यात कोणाचा फायदा उरणार नाही.

कळवायचं कोणाला? ७५ वर्षांवरच्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे. गावच्या फाट्यावर उभं राहणाऱ्यांत हीच मंडळी आणि पासवाली पोरं जास्त. यांतल्या अनेकांकडे साधा फोन असतो किंवा नसतोच. लंडनने २०११ मध्ये थांब्याथांब्याला पाच आकडी क्रमांक दिला. तो एसएमएसने पाठवला की येणाऱ्या गाड्यांच्या वेळा परत येत. ते शहर गरीब नव्हतं, तरी त्यांनी साध्या फोनचा विचार केला. आपल्या फाट्यांना क्रमांक सोडाच, यादीत नीट नावंही नसतात. फेरी रद्द झाल्याचा संदेश ग्रामपंचायत, शाळा, किराणा दुकान आणि मुक्कामी गाडी जिथे थांबते ते घर, अशा चार-पाच नंबरांना गेला तरी तासाभरात गावभर होईल. आजही गाव हेच करतं: वाहकाला थेट फोन. तो भला माणूस असतो म्हणून उचलतो, आणि ड्युटी नसली तरी उचलतो. संस्थेचं काम त्याच्या भलेपणावर ढकललेलं आहे.

चालक-वाहकांना हे यंत्र पाळत वाटतं, हीदेखील खरी तक्रार आहे. वेग, थांबा, उशीर यांचे अहवाल वर जातात, पण त्यातून त्यांना परत काही मिळत नाही. दरडीची बातमी पुढच्या गाडीच्या चालकाला याच यंत्रणेतून मिळू लागली, तर तिच्याकडे पाहण्याची नजर बदलेल.

निविदा लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना. किती गाड्यांना यंत्र बसवलं, यावर पैसे देणं थांबवावं. सुटण्याआधी योग्य फेरीशी जोडलेल्या गाड्या किती, आणि रद्द फेऱ्यांपैकी आधी कळवलेल्या किती, हे दोन आकडे रोज आगारवार निघाले पाहिजेत. देयक त्यांवर ठरावं.

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि घाटातला पाऊस त्याच आठवड्यांत सुरू होतो. त्याआधी एखाद्या आगाराने एवढंच करून पाहावं: उद्याच्या रद्द फेऱ्यांची यादी आदल्या रात्री नऊपर्यंत स्थानकाच्या फळ्यावर खडूने, आणि तीच यादी गावांच्या नंबरांवर. ॲप नसलं तरी चालेल. जे आगार हे महिनाभर करेल, त्याने आपल्या नोंदवह्यांची पानं आमच्याकडे पाठवावीत, चुका-खाडाखोडीसकट छापू.