सलामी हुतात्म्याला, वर्गणी आजाऱ्याला

चंद्रपूर शहरात २१ ऑक्टोबर हा दिवस दोन ठिकाणी पाळला जातो. पोलीस मुख्यालयाच्या मैदानावर संचलन होते, वर्षभरात देशात कर्तव्य बजावताना कामी आलेल्या पोलिसांची नावे वाचली जातात, बंदुकीच्या फैरी झडतात. १९५९ साली याच तारखेला लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे दहा जवान चिनी सैनिकांच्या गोळ्यांना बळी पडले, त्यांचे हे स्मरण. त्याच दिवशी, त्याच शहरात, कारागृहाच्या आवारात गोंड समाजाची माणसे जमतात. १८५८ साली २१ ऑक्टोबरलाच मोलमपल्लीच्या बाबुराव पुल्लेसूर शेडमाके या पंचविशीतल्या जमीनदाराला इंग्रजांनी चांद्याच्या तुरुंगात फासावर लटकवले. एकीकडे राज्यसंस्थेचे शिपाई, दुसरीकडे राज्यसंस्थेने मारलेला बंडखोर. तारखांचा हा निव्वळ योगायोग आहे. तरीही गडचिरोलीच्या पोलीस दलातून निवृत्त झालेला एखादा गोंड शिपाई या दोन्ही ठिकाणी सारख्याच हक्काने फूल वाहू शकतो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुढचे बरेचसे उमगेल.

मैदानाच्या कडेला, मंडपात किंवा मंडपाबाहेर, गणवेश उतरवलेली माणसे उभी असतात. निवृत्त पोलिसांची मंडळे आज महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांत आहेत. त्यांचे काम साधे आहे. वर्गणी गोळा करायची, नागपूरच्या रुग्णालयात पडलेल्या सहकाऱ्याच्या उशाशी आळीपाळीने बसायचे, अंथरुणाला खिळलेल्याचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात वेळेवर पोहोचवायचा, विधवेच्या कुटुंबनिवृत्तिवेतनाचे कागद कोषागारात पुढे सरकवायचे, आणि कोणी गेलाच तर खांदा द्यायचा. या कामाची छायाचित्रे वृत्तपत्रांत येतात. समारंभाला आलेले मंत्रिमहोदय 'पोलीस कुटुंबा'च्या सेवाभावाची वाखाणणी करतात, शाल देतात, नारळ देतात आणि मोटारीत बसतात. वर्गणी देणाऱ्यांच्या थोरवीबद्दल वाद नाही. मात्र या वाखाणणीबद्दल संशय घ्यायला भरपूर जागा आहे. ज्याने देणे द्यायचे तोच दुसऱ्याने दिलेल्या देण्याचे कौतुक करू लागला, की हिशेबाची वही मागवावी हे उत्तम.

वहीतली पहिली नोंद मृतांची. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. त्यानंतरच्या चार दशकांत तेथे दोनशेहून अधिक पोलीस मारले गेले. एकट्या २००९ सालात १ फेब्रुवारीला मरकेगाव येथे पंधरा, २१ मे रोजी हत्तीगोटा येथे पाच महिला शिपायांसह सोळा, आणि विधानसभेच्या मतदानाला पाच दिवस उरले असताना ८ ऑक्टोबरला लाहेरी येथे सतरा. तीन घटनांत अठ्ठेचाळीस प्रेते. २०१९ च्या महाराष्ट्रदिनी जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाने शीघ्र कृती दलाचे पंधरा पोलीस आणि त्यांचा वाहनचालक यांच्या चिंध्या उडाल्या. ते खाजगी वाहनातून निघाले होते. ज्या राज्याचा स्थापनादिन मुंबईत थाटात साजरा होत होता, त्या राज्याच्या पोलिसांनी भाड्याच्या गाडीतून मृत्यूकडे जावे, यावर त्या वेळी चार दिवस गदारोळ झाला आणि पाचव्या दिवशी शांतता झाली.

या मृतांना सलामी मिळते. त्यांच्या घरी सानुग्रह रक्कम जाते, वारसाला नोकरी मिळू शकते, सभागृहाला नाव मिळते. गडचिरोलीच्या पोलीस मुख्यालयातील सभागृह शहीद पांडू आलाम यांच्या नावाचे आहे. यातले काहीही अनाठायी नाही. परंतु वहीतली दुसरी नोंद कोणी करीत नाही. गोळीने पडला तो हुतात्मा. त्याच तुकडीतला, त्याच पोलीस मदत केंद्रात पावसाळ्यामागून पावसाळे काढलेला, वारंवारच्या हिवतापाने खंगलेला, अवेळी जेवणाने आणि जागरणाने रक्तदाब व मधुमेह जडलेला, सहकाऱ्यांच्या देहाचे तुकडे गोळा केल्यानंतर ज्याला झोप लागेनाशी झाली तो, हा सारा समुदाय अठ्ठावन्नाव्या वर्षी केवळ 'सेवानिवृत्त कर्मचारी' होतो. पासष्टाव्या वर्षी त्याचे मूत्रपिंड निकामी झाले, तर त्याचा जंगलातल्या वीस वर्षांशी संबंध जोडणारा कागद कोणत्याही कार्यालयात नसतो. जंगलातील नोकरीचा मोबदला सरकारने दिला नाही असे नाही. नक्षलग्रस्त भागात वाढीव वेतन मिळते, एकस्तर पदोन्नतीची वेतनश्रेणी मिळते. पण ती त्या भागात असेपर्यंत. बदली झाली की भत्ता थांबतो. शरीरात शिरलेले दुखणे मात्र बदलीचा आदेश मानत नाही.

यावर सचिवालयातून उत्तर येते ते योजनांच्या नावांनी. पोलीस कुटुंब आरोग्य योजना २००५ मध्ये सुरू झाली. ती सेवेतील पोलिसासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी. निवृत्त शासकीय कर्मचाऱ्यांसाठी २०१४ मध्ये विमाछत्र योजना आली. तिचा हप्ता निवृत्तानेच स्वतःच्या खिशातून भरायचा. महात्मा फुले जनआरोग्य योजना आता राज्यातील सर्व कुटुंबांना खुली करून पाच लाखांपर्यंतचे संरक्षण देण्यात आले आहे, आणि हे पाऊल योग्य दिशेचे आहे हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ती योजना ठरावीक उपचारांची आणि ठरावीक रुग्णालयांची. भामरागडचा निवृत्त हवालदार छातीत कळ आली म्हणून निघाला, तर पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावरून पाणी वाहत असते. पाणी ओसरले तर गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि तेथून नागपूर आणखी तेवढेच. कागदावरचे पाच लाख त्या पुलाच्या अलीकडे उभे राहतात. वाहनाचे भाडे, सोबत आलेल्या मुलाचा बुडालेला रोजगार, महिनोन्महिने चालणाऱ्या गोळ्या, रुग्णालयाबाहेरच्या खोलीचे भाडे, हे कोणत्या योजनेत बसते? ते वर्गणीत बसते.

आणि वर्गणीला मर्यादा आहे. ही मर्यादा मनाच्या कोतेपणाची नाही, गणिताची आहे. विम्याचे सारे शास्त्र एका गोष्टीवर उभे आहे : आज धडधाकट असलेल्या पुष्कळांनी आज आजारी असलेल्या थोड्यांचा भार उचलायचा. निवृत्तांच्या मंडळात सारेच साठीच्या पुढचे. दरवर्षी प्रत्येकाचे वय एका वर्षाने वाढते, आजारी पडण्याचा संभव वाढतो, देणारे कमी होतात आणि घेणारे वाढतात. ज्याने मागच्या वर्षी शंभर रुपये दिले तोच यंदा मदतीच्या यादीत असतो. एका हृदयशस्त्रक्रियेत वर्षाची शिल्लक संपते. तरुण मिळवत्यांपासून जर्जर वृद्धांपर्यंत साऱ्या पिढ्यांवर हा भार पसरण्याची ताकद फक्त राज्यसंस्थेत असते, कारण कर बसविण्याचा अधिकार तिला आहे. मग जे काम एकट्या तिला जमण्यासारखे आहे तेच तिने निवृत्त शिपायांच्या डब्यात टाकावे आणि वर डब्याची स्तुती करावी, याला काय म्हणावे? नवउदारमतवादाच्या परिभाषेत याला 'समाजाचा सहभाग' म्हणतात. ग्रामीण मराठीत यासाठी अधिक नेमका शब्द आहे. तो छापता येण्याजोगा नाही.

हे सारे शिपायाने नोकरीत असताना का मागितले नाही, असे कोणी विचारील. मागितले होते. धर्मवीरा यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७९ च्या पहिल्याच अहवालात शिपायाचे दहा ते सोळा तासांचे काम, तुटपुंजे वेतन आणि वरिष्ठांच्या घरची चाकरी यांवर बोट ठेवले होते. महाराष्ट्रात पोलीस कर्मचाऱ्यांची संघटनाही होती. गिरणी संपाच्या त्या वर्षी, १९८२ च्या स्वातंत्र्यदिनी, मुंबईच्या पोलिसांनी काळ्या फिती लावल्या. १८ ऑगस्टला बाबासाहेब भोसले सरकारने संघटनेची मान्यता काढली, पुढाऱ्यांना अटक केली. मुंबईत दंगल उसळली, सैन्य बोलावले गेले, अनेक पोलीस बडतर्फ झाले. आठच दिवसांनी गडचिरोली जिल्हा जन्माला आला. म्हणजे महाराष्ट्राचा जो कोपरा पोलिसांकडून सर्वाधिक रक्त मागणार होता, तो नकाशावर आला तेव्हा त्या पोलिसाची जीभ नुकतीच कापून झाली होती.

तेव्हापासून १९६६ चा पोलीस दल (अधिकारांवर निर्बंध) कायदा पुढे करून शिपायाला संघटनेपासून दूर ठेवले जाते. भारतीय पोलीस सेवेतील अधिकाऱ्यांची मात्र संघटना आहे. केरळात शिपायांचीही आहे आणि केरळ अद्याप समुद्रात बुडालेले नाही. मार्च २०२३ मध्ये राज्याचे कर्मचारी जुन्या निवृत्तिवेतनासाठी संपावर गेले. १ नोव्हेंबर २००५ नंतर भरती झालेल्या पोलिसाचाही प्रश्न तोच होता. तो मात्र संपकऱ्यांच्या मोर्चासमोर काठी घेऊन उभा होता. अठ्ठावन्न वर्षे पूर्ण झाली आणि गणवेश उतरला, की त्याला प्रथमच संघटना करण्याचा पूर्ण अधिकार मिळतो. निवृत्तांचे मंडळ म्हणजे १९८२ मध्ये मोडलेल्या संघटनेचा म्हातारपणी फुटलेला धुमारा आहे. सरकारला त्यातला सेवाभाव तेवढा दिसतो; मागणी दिसू नये अशीच त्याची इच्छा आहे.

समाजवादी कार्यकर्त्यांच्या मनातही येथे एक अढी असते, आणि ती अकारण नाही. पोलीस म्हणजे सत्तेची काठी. मोर्चात ती ज्यांनी पाठीवर झेलली त्यांना त्या काठीबद्दल कळवळा का यावा? चिमूरला ऑगस्ट १९४२ मध्ये पोलिसांच्या गोळीने पडलेल्यांचे स्मारक आहे, आणि नंतरच्या दडपशाहीत तेथील स्त्रियांवर काय गुदरले हे चंद्रपूर जिल्हा विसरलेला नाही. काठी कोणाची हे विसरायचे नाहीच. पण काठी धरणारा हात शेतमजुराच्या, अल्पभूधारकाच्या, गोंड-माडियाच्या घरातून आलेला असतो, कारण त्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारी दुसरी नोकरी नसते. १९९० मध्ये उभारलेल्या सी-साठ पथकाची सारी मदार स्थानिक तरुणांवर ठेवण्यात आली. जंगल जाणणारा आदिवासी, जंगल जाणणाऱ्या आदिवासीच्या मागावर. ज्या जंगलातून बांबू, कोळसा आणि आता सुरजागडचे लोहखनिज बाहेर जाते, त्या जंगलाने आपल्या मुलांना दोनच बंदुका देऊ केल्या. कोणती उचलली यावर सलामी ठरली. या व्यवस्थेविरुद्ध बोलणाऱ्याने त्या मुलाच्या आजारपणाकडे पाठ फिरवावी, हे समाजवादाच्या कोणत्या ग्रंथात सांगितले आहे?

मात्र निवृत्तांच्या मंडळांनाही एक गोष्ट सुनावली पाहिजे. गडचिरोलीत नक्षलवाद्यांनी 'खबऱ्या' ठरवून मारलेल्या गावकऱ्यांची संख्या पोलिसांच्या दुपटीहून अधिक आहे. त्यांची नावे कोणत्या मैदानावर वाचली जातात? पोलिसांच्या गोळीने जे निरपराध गेले, त्यांची तर कुजबूजही होत नाही. ज्यांनी पंचनामे लिहिले, प्रेते गावाच्या स्वाधीन केली, त्या निवृत्त हवालदारांना ही नावे पाठ असतील. स्मृतिदिनी त्यांनी तीही उच्चारली, तर त्यांच्या मागणीला जे नैतिक बळ येईल ते शंभर निवेदनांनी येणार नाही. आज नेमक्या त्याच ठिकाणी ही मंडळे गप्प असतात. वरिष्ठांसमोर ताठ उभे राहण्याची सवय निवृत्तीनंतरही सुटत नसावी.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती ऊर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवली. ३१ मार्च २०२६ ही नक्षलवादाच्या अंताची मुदत म्हणून दिल्लीने जाहीर केली होती. शस्त्रे ठेवणाऱ्यांना पुनर्वसनाची मदत मिळते, ती मिळालीच पाहिजे. पण लढाई संपल्याचे एकदा जाहीर झाले की तिच्या नावाने येणारा पैसाही आटतो, आणि तिने आजारी केलेली माणसे, गणवेशातली आणि गणवेशाबाहेरची, पुढची तीस वर्षे जगायची असतात. पोलीस ठाण्यांतून 'दादालोरा खिडकी' चालवून गावकऱ्याला दाखला, शिधापत्रिका मिळवून देणाऱ्या शिपायाने निवृत्तीनंतर स्वतः कोणत्या खिडकीत उभे राहायचे?

पोलिसांसाठी वेगळे रुग्णालय काढा, ही मागणी सरकारला सोयीची आहे म्हणूनच ती करू नये. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा येथे हृदयविकाराचा रुग्ण सांभाळू शकेल, रक्तशुद्धीकरण करू शकेल असे सार्वजनिक रुग्णालय झाले तर त्यात निवृत्त हवालदारही जाईल आणि खाटेवर घालून आणलेली माडिया बाळंतीणही. हेमलकशाचा लोक बिरादरीचा दवाखाना १९७३ पासून जंगलात उभा आहे. एका कुटुंबाच्या जिद्दीवर जे झाले ते महाराष्ट्र सरकारच्या तिजोरीवर होऊ नये, हे पटण्यासारखे नाही. पैसा नाही, हे तर मुळीच खरे नाही. खाणींच्या स्वामित्वधनातून भरला जाणारा जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी दोन्ही जिल्ह्यांत आहे आणि त्याच्या खर्चाच्या अग्रक्रमात आरोग्य नियमानेच घातलेले आहे. तो कोठे खर्च झाला याचा हिशेब ग्रामसभांनी आणि निवृत्तांच्या मंडळांनी मिळून मागायला हवा. धानोरा तालुक्यात २००९ साली मरकेगाव घडले आणि त्याच वर्षी त्याच तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने सामूहिक वनहक्क मिळवला. तेव्हा सरकारकडून हक्काचे वसूल कसे करायचे हे शिकायला फार लांब जावे लागणार नाही. त्याबरोबर दोन मागण्या आणखी : निवृत्त पोलिसाच्या उपचारांचा खर्च विनाहप्ता शासनाने उचलावा आणि जंगलातील सेवेची नोंद त्याच्या आरोग्यपत्रिकेत कायम राहावी, तसेच सेवेतील शिपायाला १९८२ मध्ये हिरावलेली संघटना परत द्यावी.

जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी येत्या २१ ऑक्टोबरला सकाळी पोलीस मैदानावर जावे, तेथून निवृत्तांपैकी जे येतील त्यांना बरोबर घेऊन कारागृहाच्या आवारात जावे, आणि मागण्यांचे निवेदन दोन्ही ठिकाणी वाचून सह्या घ्याव्यात.