गिअरबॉक्सचा बिघाड : कारण शोधल्यावाचून दुरुस्ती व्यर्थ

मृगाचा पाऊस पडून काळ्या रानास वाफसा येतो, तेव्हा पेरणीस मिळणारे दिवस मोजकेच असतात. नेमक्या अशा वेळी ट्रॅक्टरचा गिअर पडेनासा झाला, किंवा पडलेला गिअर ओढीखाली आपोआप सुटू लागला, म्हणजे शेतकऱ्याची काय अवस्था होते हे निराळे सांगावयास नको. घाईघाईने मिस्त्रीस बोलावले जाते, गिअरबॉक्स उघडला जातो, मोडलेला भाग बदलला जातो आणि ट्रॅक्टर शेतात परत येतो. परंतु काही आठवडे लोटतात न लोटतात तोच पूर्वीचाच आवाज येऊ लागतो व तोच बिघाड पुन्हा उद्भवतो. मग दोष कारखान्याचा, मिस्त्रीचा की नशिबाचा, असा वाद सुरू होतो. या वादात मूळ प्रश्न मात्र बाजूस राहतो. मोडलेला भाग बदलला गेला. पण तो मोडला कशामुळे?

गिअरचे दाते कठीण केलेल्या पोलादाचे असतात. वंगण स्वच्छ असेल, बेअरिंगे घट्ट असतील आणि क्लच पूर्ण सुटत असेल, तर ते सहसा अकाली तुटत नाहीत. तुटलेला दाता हा पुष्कळदा रोग नसून रोगाचे लक्षण असतो. केवळ तो गिअर बदलून स्वस्थ बसणे म्हणजे जखम मांडीला आणि मलम शेंडीला असाच प्रकार होय.

भाताच्या मुलखातील एक उदाहरण विचारात घ्यावे. कोकणात किंवा भंडारा-गोंदियाकडे चिखलणी करताना ट्रॅक्टर तासन् तास चिखलपाण्यात चालतो. बहुतेक ट्रॅक्टरांचा क्लच कोरडा असतो. त्याच्या हाउसिंगमध्ये पाणी शिरले आणि ट्रॅक्टर नंतर काही दिवस उभा राहिला, तर शाफ्टवरील खाचा गंजतात व क्लचप्लेट त्यांवर मोकळेपणी सरकत नाही. पेडल पूर्ण दाबले तरी क्लच पुरता सुटत नाही, गिअरबॉक्समधील शाफ्ट फिरतच राहतो आणि गिअर टाकताना दात्यांवर दाते आदळतात. अशा आघातांनी दात्यांच्या कडा उडतात व अखेरीस दाता तुटतो. बिघाड दिसतो गिअरबॉक्समध्ये, मूळ मात्र क्लचमध्ये. येथे गिअर कितीही वेळा बदलला तरी काय उपयोग? क्लच हाउसिंगच्या तळाचे भोक चिखलणीपूर्वी बुचाने बंद करावे व काम संपताच बूच काढून पाणी निथळू द्यावे, अशी सूचना अनेक ट्रॅक्टरांच्या माहितीपुस्तिकेत असते. हे साधे बूच ज्याने वेळीच लावले आणि वेळीच काढले, त्याचा पुढील मोठा खर्च टळण्याचा संभव असतो. क्लचच्या पेडलची मोकळी चाल नेमून दिल्यापेक्षा अधिक झाली तरीही क्लच पुरता सुटत नाही; आणि ती फार कमी झाली तर क्लच घसरू लागतो व त्याचे बेअरिंग झिजते.

दुसरे कारण वंगणाचे. सील फाटले किंवा गिअरच्या दांड्यावरील रबरी टोपी फाटली की त्यावाटे पाणी आत जाते. ऑइलमध्ये पाणी मिसळले की त्याचा रंग दुधाळ होतो. ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवून सकाळी तळाचे बूच किंचित सैल करावे. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने खाली साचलेले पाणी प्रथम बाहेर येते. ही परीक्षा करण्यास पैसा लागत नाही. अनेक ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, डिफरेन्शिअल व हायड्रॉलिक यांचे ऑइल एकच असते. त्यामुळे एका ठिकाणचे पाणी तिन्ही ठिकाणी हानी करते. तुटलेल्या दात्याचा कण तळाशी राहिल्यास नव्या गिअरचीही तीच गत होते. यास्तव दाता तुटल्यावर संपूर्ण पेटी धुऊन, जाळी साफ करून, नवे ऑइल भरल्याखेरीज दुरुस्ती पूर्ण झाली असे मानू नये.

चालू असता गिअर सुटत असेल, तर केवळ गिअरकडे पाहणे पुरेसे नाही. गिअर सरकवणारा फोर्क झिजला आहे काय, त्यास जागी धरणाऱ्या गोळीची स्प्रिंग दुबळी झाली आहे काय, शाफ्टच्या बेअरिंगांत ढिलाई आली आहे काय, हे तिन्ही पाहिले पाहिजे. बेअरिंग ढिले राहिले तर नव्या गिअरचे दाते एका कडेवरच भार घेतात व लवकर झिजतात. तसेच झिजलेल्या गिअराशी नवा गिअर जुळवणे बहुधा महागच पडते. एकमेकांत फिरणारी जोडी एकदमच बदलणे हितावह असते.

यात चालकाचा वाटाही लहान नाही. बहुसंख्य जुन्या ट्रॅक्टरांत गिअर बदलण्यासाठी ट्रॅक्टर थांबवावा लागतो. उसाने ओव्हरलोड केलेली ट्रॉली ओढताना चालत्या ट्रॅक्टरचा गिअर जबरीने बदलणे, क्लचवर सदैव पाय ठेवून चालवणे, उतारावर न्यूट्रल करून सोडणे व खाली पोहोचताच खटकन गिअर टाकणे, या सवयी सुटल्या नाहीत तर उत्तमातील उत्तम मिस्त्रीही हतबल होतो. उतारावर न्यूट्रल करणे तर जिवावरही बेतू शकते.

यावर असा आक्षेप येईल की, पेरणी तोंडावर असता इतकी तपासणी करण्यास वेळ व पैसा आणावा कोठून? आक्षेप खोटा नाही. मिस्त्रीही पुष्कळदा मालकाच्याच आग्रहाखातर तात्पुरते काम करून देतो. सर्व दोष त्याच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे. तथापि बहुतेक ट्रॅक्टरांत क्लचपर्यंत पोहोचण्यासाठी ट्रॅक्टर मधोमध अलग करावा लागतो. ही मजुरी दर खेपेस नव्याने द्यावी लागते. दोनदा उघडण्याच्या मजुरीचा व हुकलेल्या वाफशाचा हिशेब मांडला, तर एकदाच उघडून सर्व पाहणे स्वस्त ठरते. तीच गोष्ट हंगामापूर्वी, वैशाखातच केली तर घाईचा प्रश्नही उरत नाही.

म्हणून प्रत्येक ट्रॅक्टरमालकाने एक साधी नोंदवही ठेवावी. बिघाडाची तारीख, चाललेले तास, कोणता गिअर, कोणते काम चालू होते, बदललेले भाग व भरलेले ऑइल यांची नोंद तीत असावी. काढलेला जुना भाग परत मागून घ्यावा, पक्के बिल घ्यावे आणि बिघाडाचे कारण त्यावर लिहून मागावे. कारण लिहिण्याची वेळ आली की ते शोधण्याची बुद्धीही होते. वॉरंटीच्या मुदतीत बिघाड पुन्हा झाला तर लेखी तक्रार द्यावी. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये सदोष वस्तूबरोबरच सदोष सेवेबद्दलही जिल्हा ग्राहक आयोगाकडे, कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत, दाद मागता येते. आपल्या उपजीविकेसाठी स्वतः ट्रॅक्टर वापरणारा शेतकरीही या कायद्याने ग्राहकच ठरतो. परंतु नोंद व बिल नसेल तर बाजू मांडणे कठीण होते.

गावपातळीवरील कार्यकर्त्याचे कामही येथेच आहे. बियाणे व खत यांविषयी तो जसा सल्ला देतो, तसाच यंत्राच्या निगेविषयीही दिला पाहिजे. गावातील पाच-दहा ट्रॅक्टर उन्हाळ्यात एकत्र बोलावून ऑइलची परीक्षा व क्लचच्या पेडलची चाल सर्वांदेखत दाखविली, तर त्याचा परिणाम पुष्कळ व्याख्यानांहून अधिक होईल. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था यंत्रांची चाचणी घेते व प्रशिक्षणही देते. गावातील होतकरू तरुणास अशा ठिकाणी किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत ट्रॅक्टर मेकॅनिकच्या शिक्षणास धाडणे ही साऱ्या गावाचीच सोय होय.

बैल लंगडू लागला तर जाणता शेतकरी प्रथम त्याचा खूर उचलून काटा शोधतो. काटा तसाच ठेवून वर पट्टी बांधीत नाही. ट्रॅक्टरच्या बाबतीतही हाच शहाणपणा बाळगला, तर वाफसा दाराशी येऊन परत जाणार नाही.