दगडावरची वंशावळ आणि ट्रंकेतले कागद

तंजावरला गेलेला मराठी प्रवासी बृहदीश्वर मंदिराचे भव्य विमान पाहण्यात इतका गुंग होतो की, प्राकाराच्या भिंतीवरील मराठी अक्षरांकडे त्याचे सहसा लक्षच जात नाही. इ. स. १८०३ मध्ये दुसऱ्या सरफोजीराजांनी भोसले घराण्याचा वृत्तान्त तेथे दगडात कोरवून घेतला. मराठीतील अतिदीर्घ शिलालेखांत त्याची गणना होते. राजाला हे शक्य होते. पदरी चिटणीस होता, पाथरवट होते आणि भिंत तर चोळ राजांनी आधीच बांधून ठेवली होती! सर्वसामान्य कुटुंबाची वंशावळ मात्र कागदावर राहिली, आणि तो कागद माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत. त्या ट्रंकेसाठी थोड्या पैशांची तरतूद व्हावी, एवढेच मला सांगावयाचे आहे.

वंशावळ जुळविणे हा निवृत्तांचा विरंगुळा, असा आपला एक समज आहे. बँकेत काम केलेल्यांचा तरी तो असू नये. खातेदार निवर्तला, नामनिर्देशन केलेले नाही आणि तीन शाखांतील भाऊबंद कागदपत्रांची पिशवी घेऊन समोर बसले आहेत, हा प्रसंग कोणत्या शाखेत घडलेला नाही? शेतजमिनीच्या वारसनोंदीतही वंशावळ लागतेच. २०२३ मध्ये मराठवाड्यातील जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा अभिलेख कक्षांतील जीर्ण दप्तरे बाहेर निघाली आणि मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. त्या प्रश्नाच्या राजकीय बाजूशी येथे कर्तव्य नाही. परंतु एखाद्या कुटुंबाचे भवितव्य पणजोबांच्या नावापुढील एका शब्दावर अवलंबून असू शकते, हे त्या निमित्ताने घरोघरी कळले.

असे कागद सरकारी कचेऱ्यांतच असतात असे नाही. त्र्यंबकेश्वर, नाशिक येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावागावांतून आलेल्या यात्रेकरूंची नावे पिढ्यान्‌पिढ्या नोंदलेली आहेत. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या तर सर्वश्रुत आहेत. त्यांतील अनेकांची सूक्ष्मपटले काढण्याचे काम अमेरिकेतील युटा प्रांताच्या वंशावळी-संस्थेने केले. सातासमुद्रापलीकडच्या लोकांना जे जतन करावेसे वाटले, त्यासाठी आपल्याला सवड झाली नाही, याचा थोडा खेद वाटावयास हरकत नाही.

शासन काहीच करीत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी अभियान सुरू झाले. २०२५ च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ ही योजना जाहीर होऊन एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचा संकल्प सोडण्यात आला. मात्र अभियानाची हस्तलिखिताची व्याख्या ज्ञानविषयक ग्रंथांपुरती होती. फर्माने, महसुली नोंदी यांसारखी ऐतिहासिक कागदपत्रे तिने वेगळी मानली. व्याख्या शास्त्रशुद्ध असेलही. पण त्यामुळे आयुर्वेदाची पोथी आत आली आणि तिच्याच शेजारी ठेवलेले वतनाचे कागद बाहेर राहिले.

ही उणीव मोठ्या इमारतींनी भरून निघणारी नाही. ब्रिटिश लायब्ररीने २००४ मध्ये ‘आर्केडिया’ या धर्मादाय निधीच्या साहाय्याने संकटग्रस्त अभिलेखांसाठी एक अनुदान योजना सुरू केली. तिच्या पथदर्शी प्रकल्पांना मिळणारी रक्कम १५ हजार पौंडांच्या आसपास मर्यादित असते, आणि मूळ कागद देशाबाहेर जाणार नाही हा तिचा दंडक आहे. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने याच योजनेतून तमिळ गावांतील न्यायसभांचे कागद शोधून त्यांच्या प्रती केल्या. ते कागद खेड्यांतील घरांतून विखुरलेले होते. तेथे मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन करण्याजोगे काही नव्हते. कागद वाचले, इतकेच.

मराठी माणसाला ही रीत नवी नाही. गेल्या शतकात जे अनेक कुलवृत्तान्त छापले गेले, ते बव्हंशी वर्गणीवर. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर येथे स्थायिक झालेल्या कुलबंधूंनी मनिऑर्डरी पाठविल्या आणि त्यांतून छपाईचा खर्च निघाला. या ग्रंथांत दोषही आहेत. लेकी लग्नानंतर पानावरून नाहीशा होतात, आणि ज्या समाजांत लेखणी उशिरा पोहोचली त्यांचे कुलवृत्तान्त फारसे निघालेच नाहीत. आजच्या अनुदानाने नेमकी हीच पोकळी आधी भरावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि पुढे त्याचे २२ खंड झाले. गावोगाव पायपीट करून, पदरमोड करून त्यांनी कागद जमविले. त्यांचे आपण कौतुक करतो. पण एका कार्यकर्त्याने स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन करावे, अशी व्यवस्था आपण का चालू ठेवावी, हा प्रश्न विचारीत नाही.

लागते तरी किती? माझ्या अंदाजाने एका घराण्याच्या दप्तरासाठी लाखाच्या आत काम होते. बरा कॅमेरा, तो उभा धरणारी घोडी, आम्लविरहित कागद, कागद बांधण्यासाठी खादीचे रुमाल आणि मोडी वाचणाऱ्याचे काही महिन्यांचे मानधन. यांतील शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची. कागदाचे छायाचित्र यंत्र घेईल, परंतु त्यात कोणाचे नाव आहे हे सूचीत लिहिणारा माणूस हवा. आणि काजळीची शाई फिकट पडत नसली तरी पाण्याने धुऊन जाते. एका गळक्या कौलाला तेवढे पुरते. हौसेने चिकटवलेली पारदर्शक पट्टीही काही वर्षांत पिवळी पडून कागदाचा घात करते.

मोठ्या वित्तीय संस्थांनी यासाठी एक छोटा निधी वेगळा ठेवावा. मूळ कागद ज्याचे त्याच्याच घरी राहावेत. एक प्रत जिल्ह्यातील ग्रंथालयात, एक पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेत जावी. जमिनीच्या वादाच्या भीतीने लोक दप्तर उघडीत नाहीत. त्यांच्यासाठी ठरावीक वर्षे प्रत बंद ठेवण्याची मुभा असावी. रक्कम दोन हप्त्यांत द्यावी, दुसरा हप्ता सूची हाती आल्यावर. लहान कर्जाची छाननी मोठ्या कर्जाइतकीच वेळखाऊ केली की काय होते, हे आपल्या कर्मचाऱ्यांना सांगावयास नको. म्हणून अर्ज एका पानाचा असावा, आणि अर्जदाराच्या स्वतःच्या भाषेत भरता यावा.