वेगळी खोली आणायची कुठून?

घरात न्यूमोनिया झाला की सल्ला ठरलेला असतो: रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवा. २०११ च्या जनगणनेनुसार देशातली सुमारे ३७ टक्के कुटुंबं एकाच खोलीत राहतात. म्हणजे सल्ल्याचं पहिलंच वाक्य एक तृतीयांशाहून जास्त घरांत निकामी. तरी आजार पसरला की दोष ‘जागृती नसलेल्या’ आईचा. तिला ती दुसरी खोली कुणी नाकारली, हे कुणी विचारत नाही.

‘नाकारली’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरते. गावकुसाबाहेरची वस्ती, शहरात आलो तर नाल्याकाठची झोपडी, आणि ‘पुनर्वसन’ झालंच तर मुंबईच्या गोवंडीतल्या नटवर पारेख कंपाउंडसारख्या इमारती, एकमेकींना इतक्या खेटून की खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही. तिथला टीबी आणि हे बांधकाम यांचा संबंध अभ्यासांतून पुढे आला आहे. खोकल्यातून उडालेले न्यूमोनियाचे जंतूही कोंदट हवेतच अधिक फावतात.

दुसरा सल्ला, ‘रुग्णाची भांडी वेगळी ठेवा’. हा आपल्या घरात वाचून दाखवताना जीभ अडखळते. वेगळ्या कपाचा इतिहास आपल्याला कुणी शिकवायला नको. तेव्हा सरळ सांगा: उष्टं कुणी खाऊ-पिऊ नये, पण साबणाने नीट धुतलेला पेला कुणीही वापरावा. आजार उतरला की अंतरही संपतं. विटाळ कधी संपत नव्हता.

डॉक्टरांची चिठ्ठी वाचायचं काम घरातल्या पहिल्या पदवीधराकडेच येतं. ती वाचताना घरच्यांवर डाफरू नका. एका खोलीतही बरंच होतं. आजाऱ्याचं अंथरूण दाराशी, बाकीच्यांची डोकी उलट बाजूला. तान्हं बाळ आणि म्हातारी माणसं त्याच्यापासून लांब. खोकताना तोंडावर रुमाल, मग साबणाने हात. चूल शक्यतो बाहेर, बिडी तर बाहेरच. बाळाला थंडी लागेल म्हणून दार लावून शेगडी पेटवणं घातक.

आणि श्वास मोजा. बाळ शांत असताना, पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त भरले, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर लगेच दवाखाना. मेडिकलमधलं सिरप आणून वाट बघू नका. हे ‘अडाणी’ माणसांना जमत नाही म्हणणाऱ्यांना गडचिरोली दाखवा. तिथे डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच कार्यकर्त्यांना आणि दाईंना शिकवून न्यूमोनियाचे बालमृत्यू घटवले. १९९० मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

अज्ञानाचीच गोष्ट काढायची तर लसीचा हिशेब मांडा. न्यूमोकोकल लस अमेरिकेतल्या बाळांना २००० पासून नियमित मिळते. आपल्याकडे ती बरीच वर्षं खाजगी दवाखान्यात विकत मिळत होती, एका डोसला हजारो रुपये. सरकारी कार्यक्रमात ती २०१७ मध्ये काही राज्यांत आली, देशभर पोचायला २०२१ उजाडलं. आता दीड, साडेतीन आणि नऊ महिन्यांना ती मोफत आहे. भाचरा-पुतण्यांची कार्डं आजच तपासा. मधल्या काळात कमी काय होतं, आईची जागृती की सरकारची इच्छा?

पुढच्या वेळी वस्तीत जागृती शिबिर भरलं की पाहुण्यांना विचारा: इथे नळाला पाणी किती वेळ येतं? सिलिंडर पुन्हा भरायला किती पैसे पडतात? आणि आशाताईंचं मानधन किती महिन्यांचं थकलंय?