सर्किट बोर्डांनाही सातबारा हवा

पुण्यातील एका परिचितांच्या छापखान्यातील कागद कापण्याचे मोठे यंत्र एके दिवशी अचानक थांबले. पाते शाबूत होते, मोटर शाबूत होती, बिडाचा सांगाडा तर आणखी दोन पिढ्या टिकला असता. बिघडली होती ती तळहाताएवढी एक हिरवी पाटी, म्हणजे यंत्राचे नियंत्रण करणारा सर्किट बोर्ड. दुरुस्तीला आलेला कारागीर जुना, जाणता. त्याने भिंग लावून पाहिले. बोर्डावर निर्मात्याचे नाव नव्हते, आवृत्तीचा क्रमांक नव्हता आणि मुख्य चिपवरील अक्षरे तर मुद्दाम खरवडून टाकलेली होती. ज्या छोट्या कारखान्याने तो बोर्ड बनवून दिला होता, तो केव्हाच बंद पडला होता. कारागिराने हात टेकले आणि एक धडधाकट यंत्र भंगारात गेले.

ही एकट्या छापखान्याची कथा नव्हे. भोसरी, सातपूर, वाळूज, इचलकरंजी, कोणत्याही औद्योगिक वसाहतीत जाऊन विचारावे. यंत्रमाग असो, इंजेक्शन मोल्डिंगचे यंत्र असो की दुधाचे फॅट मोजणारे उपकरण असो, प्रत्येकाच्या पोटात खास त्याच कामासाठी घडवलेला एक बोर्ड बसलेला असतो. असे बोर्ड शे-दोनशेच्या संख्येने बनतात. त्यांचा आराखडा एखाद्या अभियंत्याच्या संगणकात असतो, पुष्कळदा केवळ त्याच्या डोक्यात असतो. अभियंता नोकरी सोडतो, संगणक बिघडतो, कारखान्याला टाळे लागते, आणि त्याबरोबर ते ज्ञानही लोपते.

जमिनीच्या गुंठ्यागुंठ्याचा सातबारा आपल्याकडे आहे. माणसाच्या जन्माची नोंद होते, वाहनाची होते, पुस्तकालाही क्रमांक मिळतो. मग ज्या पाटीवर कारखान्याचा श्वास अवलंबून आहे, तिला ना कुळ ना मूळ, ही स्थिती आपण का सहन करावी? अशा बोर्डांची नोंद ठेवणारा, महाजालावर कोणालाही पाहता येईल असा एक माहितीकोश आपल्या देशात उभा राहिला पाहिजे, हे या लेखाचे म्हणणे आहे.

कायद्याची मर्यादा

यावर कोणी म्हणेल की, कायदा तर आहेच. होय, 2000 साली संसदेने अर्धसंवाहक एकात्मिक परिपथांच्या मांडणीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याखाली नोंदणी कार्यालय आहे आणि नोंदलेल्या मांडणीला 10 वर्षांचे संरक्षण मिळते. परंतु हा कायदा चिपच्या आतील मांडणीपुरता आहे. त्याच चिपा, रोधक आणि धारित्रे ज्या पाटीवर डाखून बसवतात, तो बोर्ड त्याच्या कक्षेत येत नाही. शिवाय कायद्याचा हेतू मालकाच्या हक्काचे रक्षण हा आहे. पंधरा वर्षांनी ती वस्तू दुरुस्त कशी करावी, हा प्रश्न त्याने विचारलेलाच नाही.

सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही त्याची चार क्षेत्रे. पाऊल स्वागतार्ह आहे. पण त्याची दृष्टी ग्राहकाकडे आणि मोठ्या कंपन्यांकडे आहे. छोट्या कारखान्याने दुसऱ्या छोट्या कारखान्यासाठी घडवलेला बोर्ड त्या चार खणांपैकी कोणत्याही खणात बसत नाही.

चोराला नोंदवही लागत नाही

या कल्पनेवर उद्योजकांचा ठरलेला आक्षेप असा : ‘आराखडा नोंदवला की शेजारचा त्याची नक्कल करणार.’ भीती खोटी नाही. स्पर्धा तीव्र आहे, नफा तुटपुंजा आहे आणि नकलेचे चटके अनेकांनी सोसले आहेत. परंतु क्षणभर विचार करावा. नक्कल करणाऱ्याच्या हाती काय असते? बाजारातून विकत घेतलेला प्रत्यक्ष बोर्ड! तो त्यावरचे भाग उतरवतो, दोन्ही बाजूंची छायाचित्रे घेतो आणि तांब्याच्या रेषा संगणकावर पुन्हा रेखाटतो. बोर्ड अनेक थरांचा असेल तर एकेक थर घासून तेच करतो. चिपवरची अक्षरे खरवडली तरी मेहनतीने ती चिप ओळखता येते. त्याला शंभर बोर्ड विकायचे असतात, म्हणून एवढा खर्च परवडतो.

दुरुस्ती करणाऱ्याला मात्र एकच बोर्ड जिवंत करायचा असतो. त्याला हा खर्च परवडत नाही. म्हणजेच गुप्ततेची भिंत चोराला अडवत नाही, ती अडवते प्रामाणिक कारागिराला. आपल्या गिऱ्हाइकालाच कुलपाबाहेर ठेवणारे हे कुलूप काय कामाचे?

उलट, तारखेसह झालेली नोंद हीच मूळ निर्मात्याची ढाल ठरू शकते. हा बोर्ड प्रथम कोणी केला, असा वाद उद्भवला तर दिनांकित नोंद हा पुरावा असतो. ज्याने काही नोंदवलेच नाही, त्याच्या हाती केवळ तक्रार उरते.

बाहेर काय घडले?

ही कल्पना हवेतली नाही. युरोपातील सर्न या अणुसंशोधन संस्थेने 2009 साली आपल्या उपकरणांचे बोर्ड खुले ठेवणारे भांडार महाजालावर उभारले. 2011 मध्ये अशा आराखड्यांसाठी स्वतंत्र परवानापत्र तयार केले. किकॅड ही बोर्ड रेखाटण्याची मोफत आज्ञावली मुळात एका फ्रेंच प्राध्यापकाने 1992 साली लिहायला घेतली. पुढे तिच्या वाढीस सर्नने हातभार लावला. आज आपल्याकडचे विद्यार्थीही तीच वापरतात.

अमेरिकेतील खुल्या हार्डवेअरच्या संघटनेने 2016 पासून अशा बोर्डांना विनाशुल्क प्रमाणपत्र देण्यास प्रारंभ केला. प्रत्येक नोंदीला देशाची दोन अक्षरे आणि सहा आकडे असा क्रमांक मिळतो. भारतातून झालेल्या नोंदीचा क्रमांक ‘आयएन’ने सुरू होतो. तो बोर्डावरच छापता येतो, आणि कोणीही तो शोधून आराखडा पाहू शकतो. खोटा दावा करणाऱ्यास दंडाची तरतूद आहे. मात्र ही व्यवस्था सर्वस्वी खुल्या आराखड्यांसाठी आहे. आपल्या लघुउद्योजकाला थोडे झाकून ठेवणेही आवश्यक वाटते. म्हणून आपली व्यवस्था आपल्याच गरजेतून घडली पाहिजे.

दोन कप्प्यांची नोंद

ही नोंद दोन कप्प्यांची असावी. पहिला कप्पा सर्वांसाठी उघडा : बोर्डाचा क्रमांक, निर्माता, आवृत्ती, दिनांक, वापरलेल्या भागांची यादी, जोडणीच्या टोकांची माहिती. दुसरा कप्पा मोहोरबंद : परिपथाचे संपूर्ण चित्र, बोर्ड छापण्याच्या गर्बर फायली आणि चिपमध्ये भरलेली आज्ञावली. हा दुसरा कप्पा विश्वस्तांकडे राहील. निर्माता धंदा चालवत असेतोवर तो उघडायचा नाही. कारखाना बंद पडला किंवा निर्मात्याने त्या बोर्डाची साथ सोडली की तो दुरुस्तीसाठी खुला व्हावा. बोर्डावर मात्र क्रमांक ठळक छापलेला असावा.

हे काम सरकारी फर्मानाने होणार नाही. पुण्यात 1934 पासून कार्यरत असलेल्या मराठा चेंबरसारख्या औद्योगिक संस्था आणि अभियांत्रिकी महाविद्यालये एकत्र आली, तर प्रारंभ करण्यास कोणाची परवानगी लागत नाही. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी जवळच्या वसाहतीतील एकेका जुन्या बोर्डाचा आराखडा मालकाच्या संमतीने नोंदवला, तरी केवढी संपत्ती जमा होईल!

केंद्र सरकारने मार्च 2025 मध्ये इलेक्ट्रॉनिक भागांच्या निर्मितीसाठी 22,919 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. बहुस्तरीय बोर्डांचाही तिच्यात समावेश आहे. निर्मितीला बळ मिळते आहे, ही समाधानाची बाब आहे. परंतु जे निर्माण केले त्याची स्मृती राखली नाही, तर दर पिढीला पाटी कोरी करूनच बसावे लागेल. स्वावलंबनाचा अर्थ वस्तू घडवता येणे एवढाच नाही. घडवलेली वस्तू पुन्हा उभी करता येणे, हा त्याचा उत्तरार्ध आहे.

मी कलाशाखेचा विद्यार्थी. परिपथातले मला फारसे कळत नाही. पण इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून वाळवीच्या तोंडून कागद का सोडवत होते, हे मला कळते. 1910 साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले नसते, तर आपल्याच पूर्वजांचे व्यवहार आपल्याला अनोळखी राहिले असते. आजच्या कारागिरांचे दप्तर तांब्याच्या रेषांत लिहिलेले आहे. त्याला वाळवी लागत नाही. ते सरळ भंगाराच्या गाडीत जाते.

परिचितांच्या छापखान्यातील ते यंत्र गेले. पण अशी आणखी किती यंत्रे त्याच वाटेने जाऊ द्यायची, हे आपल्या हाती आहे. वाचकांपैकी ज्यांचा कारखाना आहे, त्यांनी आज एवढेच करावे : आपण घडवलेल्या पुढच्या बोर्डावर आपले नाव, क्रमांक आणि दिनांक छापावा. चांगला कारागीर आपल्या कामावर नाव घालायला लाजत नाही.