धडक त्याची, बोनस आपला

सप्टेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या रामदासपेठेत मध्यरात्री एका ऑडीने पाठोपाठ काही गाड्यांना ठोकलं. चर्चा रंगली ती ऑडी कोणाची, याची. ज्यांच्या गाड्या चेपल्या त्यांनी भरपाई कोणाकडे मागायची, हा प्रश्न मागेच राहिला.

वाटा दोन. ठोकणाऱ्याच्या थर्ड पार्टी विम्यातून भरपाई हवी, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे अर्ज करायचा. खासगी कारच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी सहसा साडेसात लाखांपर्यंत सोय असते. हप्ता वाचवायला मालकाने ती सहा हजारांवर आणली असेल, तर उरलेल्या पैशांसाठी त्याच्याच मागे लागा. त्यात वकील आला, तारखा आल्या. दुसरी वाट आपल्याच पॉलिसीची, अर्थात ती नुसती थर्ड पार्टी नसेल तर: गॅरेज, सर्व्हेअर, आणि गाडी लवकर हातात.

सोपी वाट महाग पडते. झीरो डेप नसेल तर प्लास्टिकच्या बंपरवर निम्मा घसारा कापतात. सक्तीचे हजार-दोन हजार आपल्या खिशातून जातात. शिवाय नो क्लेम बोनस शून्यावर येतो. समजा, गाडीच्या नुकसानीच्या भागाचा मूळ हप्ता १२,००० रुपये आणि बोनस ५० टक्के. पुन्हा २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या चढत पन्नासवर पोहोचेपर्यंत एकूण १५,००० रुपये जादा जातात.

कंपन्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. प्रत्येक पोचा कोणामुळे पडला हे शोधत बसलं, तर तपासाचाच खर्च बिलाच्या वर जाईल. म्हणून आपापल्या ग्राहकाचं नुकसान आपणच भरायचं, असा ‘नॉक फॉर नॉक’ समझोता त्यांनी केला. पण थर्ड पार्टी दाव्याने बोनसला धक्का लागत नाही. म्हणजे ठोकणाऱ्याने स्वतःच्या गाडीसाठी क्लेम केला नाही, तर त्याचा बोनस शाबूत आणि मार खाणाऱ्याचा साफ! हे काही पटत नाही. पोलिसांत गुन्हा नोंदला गेला असेल किंवा समोरच्याने चूक लेखी कबूल केली असेल, तेव्हा तरी बोनस राखायला हवा.

तोवर हिशेब करूनच ठरवावं. बिल बुडणाऱ्या बोनसपेक्षा कमी असेल, तर क्लेम करू नये. जास्त असेल, तर मुकाट्याने आपली पॉलिसी वापरावी; तत्त्वासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणं प्रत्येकाला परवडत नाही. कोणाला इजा झाली असेल, तर मात्र न्यायाधिकरणाला पर्याय नाही, आणि २०२२ पासून त्या अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे.

आणि सिग्नलवर ‘मिटवून टाका ना भाऊ’ म्हणत कोणी पाचशेची नोट पुढे केली, तर आधी त्याच्या गाडीचा नंबर, लायसन्स आणि पॉलिसी यांचे फोटो काढून घ्या.